अनुभव धागा : आपली पोस्ट अनुयायांपर्यंत आणि त्यांच्याही पुढे कशी जावी?

धागाकर्ती

समाजमाध्यमावर लिहिणाऱ्याच्या दोन साध्या अपेक्षा असतात. ज्यांनी आपल्याला अनुसरायचे ठरवले आहे त्यांच्यापर्यंत आपले लेखन पोहोचावे, आणि ते त्यांच्याही पुढे जाणार असेल तर आपल्या नावानिशी आणि आपल्या संमतीने जावे. ट्विटरवर सुरुवातीला पुढे पाठवण्याची सोयच नव्हती. लोक दुसऱ्याचा मजकूर घेऊन त्याच्या आधी 'आरटी' ही अक्षरे आणि मूळ लेखकाचे नाव स्वतः लिहीत. नोव्हेंबर २००९मध्ये रिट्विटचे, म्हणजे पुढे पाठवण्याचे, बटण आले आणि एवढेही करण्याची गरज उरली नाही. ते बटण घडवणाऱ्या गटाचे प्रमुख ख्रिस वेदरेल यांनी २०१९मध्ये एका मुलाखतीत त्या कामाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला होता.

माझे मत आधीच मांडते. पोस्ट किती दूर जाऊ द्यायची हा निर्णय ती लिहिणाऱ्याचा असावा, प्रसिद्ध केल्यानंतरही तो बदलण्याची मुभा त्याला असावी, आणि पुढे गेलेली प्रत्येक प्रत मूळ पोस्टशी जोडलेली राहावी. आपले अनुभव लिहिताना कोणती सोय असती तर प्रसंग वेगळा घडला असता, हे कृपया आवर्जून नोंदवावे.

शिक्षिका, धुळे जिल्हा

१ जुलै २०१८ रोजी आमच्या जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्याआधी मुले पळवली जात असल्याचे संदेश आणि चित्रफिती परिसरातल्या मोबाइलवर फिरत होत्या, आणि आमच्या पालकांच्या गटातही त्या आल्या होत्या. हे तुम्हाला कोणी पाठवले, असे मी ज्या ज्या पालकांना विचारले, त्यांचे उत्तर एकच होते : "मॅडम, ग्रुपवर आलं होतं, म्हणून पुढं टाकलं." त्या दुसऱ्या गटात विचारावे तर तिथेही हेच उत्तर मिळे. पहिला संदेश कोणाचा, कोणत्या गावाबद्दलचा आणि कधीचा, याचा माग लागण्याची कोणतीच वाट नव्हती, आणि विचारणारी मी एकटी असल्यामुळे माझ्या शंकेपेक्षा त्या चित्रफितीचे वजन जास्त होते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल असे जाहीर केले. जानेवारी २०१९मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२०पासून, पाच किंवा अधिक टप्पे पार करून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, आणि त्यानंतर अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. या मर्यादा मला मनापासून योग्य वाटतात, कारण अफवेला एखादा दिवस उशीर झाला तरी तेवढ्या वेळात पोलीस पाटील, सरपंच, शिक्षक गावात बोलू शकतात. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की मात्र ती खूण पुसली जाते. आमच्या शाळेच्या गटात आता मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकच लिहितात, आणि प्रत्येक सूचनेच्या वरच तारीख आणि शाळेचे नाव असते.

रक्तदान समन्वयक, मिरज

आमच्या कामात पोस्ट वेगाने पसरावी लागते, म्हणून पसरण्याला अडथळा नको, असेच मी सुरुवातीला म्हणत असे. 'बी निगेटिव्ह रक्ताची तातडीने गरज' अशा संदेशात रुग्णालय, रक्तगट आणि नातेवाइकाचा मोबाइल क्रमांक असतो. गरज एक-दोन दिवसांत भागते. संदेशावर तारीख नसेल तर तो त्यानंतर कितीतरी महिने फिरत राहतो, आणि त्या क्रमांकावर फोन येत राहतात. रुग्ण दगावला असेल तर प्रत्येक फोनवर त्या घराला तेच पुन्हा सांगावे लागते. एका मुलाने शेवटी आपल्या वडिलांचा जुना क्रमांक बंद करून टाकला, आणि तो क्रमांक बंद करणे त्याच्यासाठी किती जड होते हे मी जवळून पाहिले आहे. शिवाय बंद क्रमांकांवर फोन करून कंटाळलेला रक्तदाता पुढच्या खऱ्या संदेशालाही प्रतिसाद देत नाही, हे आमचे दुसरे नुकसान.

२०२१मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. प्राणवायूची सोय असलेल्या खाटा, रेमडेसिविर, प्लाझ्मा यांच्या याद्या रात्रंदिवस फिरत होत्या, आणि सकाळी खरी असलेली माहिती दुपारपर्यंत निरुपयोगी होत होती. त्यावेळी ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी एक चांगला पायंडा पाडला : प्रत्येक नोंदीपुढे ती पडताळल्याची वेळ लिहायची. यंत्रणेने न दिलेली सोय माणसांनी आपल्या शिस्तीने उभी केली होती.

साठवलेल्या प्लेटलेट्स साधारण पाच दिवस वापरता येतात. त्यांच्यासाठी केलेल्या आवाहनालाही तेवढीच मुदत देता आली पाहिजे. 'गरज पूर्ण झाली' असे मी मूळ पोस्टवर नोंदवले की ती जिथे जिथे गेली असेल तिथे ते दिसावे आणि पुढे पाठवण्याचे बटण आपोआप बंद व्हावे, एवढीच माझी मागणी आहे. सध्या आम्ही माहिती एकाच जागी ठेवून फक्त तिचा दुवा पाठवतो. फसवणुकीच्या भीतीने बरेच लोक दुवा उघडत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

पक्षीनिरीक्षक, सिंधुदुर्ग

धनेशाची मादी झाडाच्या ढोलीचे तोंड लिंपून घेते, आत अंडी घालते, आणि तिचा व पिलांचा घास नरावर अवलंबून राहतो. छायाचित्रकारांची गर्दी झाली आणि नर यायला बिचकला, तर आतल्या जिवांची उपासमार होते. म्हणून मी घरट्यांच्या नोंदी केवळ अभ्यासकांच्या लहान वर्तुळात ठेवतो. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर 'फक्त अनुयायांसाठी' असलेली पोस्ट इतरांना पुढे पाठवताच येत नाही. हीच सोय प्रत्येक माध्यमावर असावी.

कवयित्री, अमरावती

माझी एक कविता सूर्योदयाच्या चित्रावर, माझ्या नावाशिवाय, वर्षानुवर्षे फिरते आहे. तिच्याखाली कधी 'अनामिक', कधी 'व्हॉट्सॲपवरून साभार', तर कधी एखाद्या दिवंगत ज्येष्ठ कवीचे नाव असते. पाठवणाऱ्यांना ती आवडलेली असते, म्हणूनच ती इतकी टिकली आहे, हे मी जाणते. एका दिवाळीला माझ्या सख्ख्या मावशीने ती मलाच पाठवली. कविता माझी आहे असे सांगितल्यावर ती म्हणाली, "अगं, मग खाली नाव का नाही टाकलंस?" नाव टाकलेलेच होते, ते वाटेत कोणीतरी कापले होते. मजकूर पुढे पाठवताना लेखकाचे नाव त्याच्यापासून सुटे करता येऊ नये. ज्यांचे एकही पुस्तक निघालेले नाही, त्यांच्यासाठी ते नाव हीच सगळी मिळकत असते.

आंबा बागायतदार, देवगड

वरच्या सगळ्यांचे म्हणणे पटले, तरी माझी अडचण उलट्या बाजूची आहे. आमच्या बागेच्या पानाला लोक आपण होऊन अनुसरतात, तरीही पेटी निघाल्याची पोस्ट त्यांच्यापैकी किती जणांना दिसेल, हे माध्यमाचे गणित ठरवते. झाडावरून उतरवलेले फळ काही दिवसांतच गिऱ्हाईकाच्या घरी पोहोचले पाहिजे, आणि पोस्ट आठवड्याने दिसली तर तिचा उपयोग शून्य. "यंदा तुम्ही कळवलं नाहीत," असे नेहमीचे गिऱ्हाईक जूनमध्ये म्हणते, तेव्हा वाईट वाटते. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी मला जास्त सरळ वाटते : एका यादीत २५६ जण, आणि ज्यांनी माझा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश जातो, म्हणजे संमती दोन्ही बाजूंची. इन्स्टाग्रामने मार्च २०२२मध्ये अनुसरलेल्या खात्यांच्या पोस्टी वेळेच्या क्रमाने पाहण्याचा पर्याय दिला, पण तो दर वेळी मुद्दाम निवडावा लागतो. अनुसरणे म्हणजे 'मला कळवा' असे सांगणे, आणि ते पाळण्याला शेअर बटणाच्या आधीचा मान असावा.

धागाकर्ती

या अनुभवामुळे एक अभ्यास नोंदवावासा वाटतो. २०२०च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुकवरील काही वापरकर्त्यांना इतरांनी पुढे पाठवलेल्या पोस्टी दाखवणे थांबवण्यात आले. २०२३मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. या वापरकर्त्यांना अविश्वसनीय स्रोतांचा मजकूर कमी दिसला, पण एकूण राजकीय बातम्याही कमी दिसल्या आणि बातम्यांचे ज्ञान घटले. राजकीय मतांत लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे पाठवणे सरसकट बंद करण्याच्या मी विरोधात आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

संगणक अभियंता, म्युनिक

ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने निलंबित केल्यानंतर नोव्हेंबर २०१९मध्ये अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर गेले, त्यांत मीही होतो. तिथे दुसऱ्याची पोस्ट उद्धृत करून वर आपली टिप्पणी लिहिण्याची सोय जाणूनबुजून ठेवलेली नव्हती, कारण तिचा वापर एखाद्याला आपल्या अनुयायांसमोर उभे करून झोडपण्यासाठी होतो. तिथली शांतता मला लगेच जाणवली. परंतु खगोलशास्त्रावरची इंग्रजी किंवा जर्मन पोस्ट मराठी वाचकांना समजावून सांगायची, तर उद्धृत करण्याइतका चांगला मार्ग दुसरा नाही, आणि तोच मला बंद झाला होता.

ट्विटरने ऑक्टोबर २०२०मध्ये नेमके उलट करून पाहिले. पुढे पाठवण्याआधी स्वतःचे चार शब्द लिहिण्याचा आग्रह धरला. बऱ्याच जणांनी एकेक शब्दच लिहिला, एकूण पुढे पाठवणे सुमारे २० टक्क्यांनी घटले, आणि डिसेंबरमध्ये तो बदल मागे घेण्यात आला. नुसत्या आग्रहाने विचार उमटत नाही, असे मला त्यातून दिसते. ब्लूस्काय या ट्विटरसारख्या माध्यमाने ऑगस्ट २०२४मध्ये, कोणी आपली पोस्ट उद्धृत केली असेल तर तिथून ती सोडवून घेण्याची मुभा लेखकाला दिली. मॅस्टोडॉनने २०२५मध्ये उद्धरण आणले तेव्हा आपल्याला कोणी उद्धृत करावे हे लेखकालाच ठरवू दिले. मी भाषांतरासाठी हीच वाट आता वापरतो.

बँक कर्मचारी, ठाणे

मला दिसत नाही. मी मोबाइल वापरतो तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या पडदावाचकाच्या आवाजावर. एका माध्यमावरची पोस्ट दुसरीकडे नेण्याची सोय नीट नसली की लोक तिचा स्क्रीनशॉट काढून पाठवतात, आणि माझ्या कानावर फक्त 'प्रतिमा' एवढा शब्द येतो. चित्रातली अक्षरे ओळखणारी साधने आहेत. इंग्रजी ती बऱ्यापैकी वाचतात, पण मराठी जोडाक्षरांशी अडखळतात. मूळ लेखकाने चित्राचे वर्णन लिहिले असले तरी स्क्रीनशॉटमध्ये तेही हरवते. इथे मूळ पोस्टशी जोडलेल्या प्रतीची जी मागणी झाली आहे, तिच्यात हे वर्णनही प्रतीसोबत जावे, एवढी भर घालावी. आणि तोवर, स्क्रीनशॉट पाठवणार असाल तर त्यातला मजकूर खाली टाइप करावा, अशी माझी इथल्या सर्वांना विनंती आहे.