घारापुरीच्या तोफांबद्दल माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवी आहे.

घारापुरीला लेणी बघायला सगळेच जातात, पण लेण्यांच्या वरच्या टेकडीवर ब्रिटिशांच्या दोन मोठ्या तोफा आहेत, तिथवर फार थोडे चढतात. गेल्या रविवारी मी बाबांना घेऊन गेलो होतो. तोफ गोल खड्ड्यात बसवलेली, म्हणजे सगळीकडे फिरवता यावी अशी, आणि तोंड समुद्राकडे. मुंबई बंदरात शिरणारं जहाज टप्प्यात यावं म्हणूनच ही जागा निवडली असणार. तोफेच्या मागच्या बाजूला हात फिरवला तर रंगाच्या थराखाली कोरलेली अक्षरं बोटांना लागत होती, पण वाचता येईनात. त्यावर पर्यटकांनी नावं खरवडलेली पाहून फार वाईट वाटलं.

खाली दगडी खोल्या आहेत. दारूगोळ्याच्या असाव्यात. आत मिट्ट काळोख आणि पाणी, म्हणून बाबांना घेऊन आत शिरलो नाही.

कोणी त्या खोल्यांमध्ये पूर्ण जाऊन आलंय का? आत जाणं सुरक्षित आहे का, आणि परवानगी कोणाकडे मागायची? तोफांवरचा मजकूर वाचता येईल असे जुने फोटो कोणाकडे असतील तर कृपया टाका. बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर किंवा मोराबंदर या गावांतल्या कोणाच्या आजी-आजोबांनी तिथल्या शिपायांच्या आठवणी सांगितल्या असतील, तर त्या मला सगळ्यात आधी हव्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जाणार आहे, सोमवार सोडून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात.