मन भटकलं की डोळ्याची बाहुली मोठी होते की लहान?

खिडकीबाहेर
एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी सार्ट ही लक्ष टिकतं का ते पाहणारी चाचणी लावली आहे. पडद्यावर १ ते ९ आकडे येतात, प्रत्येकाला स्पेसबार दाबायचा, फक्त ३ दिसला की हात आवरायचा. आकडा २५० मिलिसेकंद, मग ९०० मिलिसेकंद मास्क (आकडा पुसणारं चिन्ह), एकूण २२५ आकडे. मधूनमधून ‘आत्ता लक्ष कुठे होतं?’ असं विचारते. नजर आणि बाहुली मोजणारा आय-ट्रॅकर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० नोंदी घेणारा आहे. मन भटकलेलं असताना काहींची बाहुली मोठी दिसते, काहींची लहान. शिवाय नुसतं भरकटणं आणि पिच्छा न सोडणारा विचार हे वेगळे कसे काढायचे?

नीलबिंदू
तुमचं काही चुकलेलं नाही, बेसलाइनबाबत, म्हणजे आकडा येण्याआधीच्या बाहुलीच्या मापाबाबत, पेपरांचंच आपसांत जमत नाही. मन भटकलेलं असताना स्मॉलवुड आणि सहकाऱ्यांना २०११ मध्ये बाहुली मोठी दिसली, ग्रांशां यांना २०१४ मध्ये लहान. ॲस्टन-जोन्स आणि कोहेन यांच्या २००५ च्या मांडणीतून याचा अर्थ लागतो. मेंदूतलं लोकस सेरुलियस, म्हणजे जागेपण आणि लक्ष सांभाळणारं छोटं केंद्र, मध्यम पातळीवर चालू असेल तर समोरच्या कामाला जोरकस प्रतिसाद मिळतो. पातळी घसरली की माणूस पेंगतो, फार चढली की सैरभैर होतो. लक्ष दोन्हीकडे उडतं, पण एकीकडे बाहुली लहान आणि दुसरीकडे मोठी. या दोघांना ‘भटकलेले’ म्हणून एकाच गठ्ठ्यात बांधलं तर सरासरीत काही उरत नाही.

म्हणून आकडा आल्यावर बाहुली बेसलाइनपेक्षा किती फुलली ते बघा. आकड्याआधीच्या २०० मिलिसेकंदांची सरासरी वजा करा. भागाकार नको, बेसलाइन लहान पडली की गुणोत्तर भलतंच फुगतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या २०२० च्या अभ्यासात सुटायला अवघड विचारांच्या वेळी हाच प्रतिसाद कमी निघाला, तोही बरोबर दिलेल्या उत्तरांच्या वेळी. आणि जिथे हात आवरायचा तिथल्या चुका वाढल्या.

काजळरेघ
वरच्या उत्तरात वेळेचा मुद्दा राहिला. विचारामुळे होणारी फुगवण सावकाश चढते, शिखर साधारण सेकंदाने किंवा त्याहून उशिरा. तुमचा पुढचा आकडा ११५० मिलिसेकंदांनी येतोय, म्हणजे एका आकड्याची शेपटी दुसऱ्याच्या बेसलाइनमध्ये घुसते. अंतर ३ सेकंदांपर्यंत न्या. चाचणी लांबेल, पण मन भटकायला तेच तर हवंय.

दुसरं, उजेड. प्रकाशाने बाहुली २ ते ८ मिलिमीटरमध्ये हलते, विचाराने बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतच. काळ्या पडद्यावर पांढरा आकडा असेल तर तुम्ही प्रकाशच मोजताय. करडी पार्श्वभूमी ठेवा आणि आकडा व मास्क यांची एकूण उजळपणा सारखा करा. खिडकीला जाड पडदा लावा, खोलीतला दिवा मात्र चालू राहू द्या. प्रश्नाच्या पडद्यानंतरचे पहिले एक-दोन आकडे फेकून द्या.

पापणी लवते तिथे आधीचे-नंतरचे १०० मिलिसेकंद कापून रेषेने जोडा. पापणी मिटत असताना ट्रॅकरला बाहुली आक्रसल्यासारखी दिसते. नजर कडेला गेली तरी कॅमेऱ्याला ती लहान वाटते, म्हणून आकडा मधोमधच हवा.

चिवटपणा
प्रश्नाच्या शब्दांबद्दल. इंग्रजी ‘स्टिकी’वरून ‘विचार किती चिकट होता?’ असं मराठीत विचारू नका, ऐकणाऱ्याला कंजूस माणूस आठवतो. ‘आत्ता मनात जे चाललं होतं, ते बाजूला सारणं किती अवघड गेलं असतं?’ असं विचारून १ ते ५ मध्ये उत्तर घ्या. आणि हे ‘लक्ष कुठे होतं’पासून वेगळं विचारा. कामातच असलेला माणूसही ‘मघाशी चुकलो’ यात अडकून पडू शकतो. उलट रविवारी काय रांधायचं हा विचार विषयाबाहेरचा, पण सहज सुटणारा.

ग्रोनिंगनमध्ये सहभागींच्या स्वतःच्या काळज्या चाचणीत मिसळल्या होत्या, म्हणजे असे विचार येण्याची शक्यता वाढावी. तुम्ही तसं करणार असाल तर नैतिक समितीची परवानगी आणि चाचणीनंतर बोलायला कोणीतरी, दोन्ही आधी ठरवा.

खिडकीबाहेर
अंतर आणि पार्श्वभूमी आजच बदलते. ट्रॅकर फक्त दोन दिवस मिळतो, उरलेल्यांचं लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर करता येईल का?

काजळरेघ
नाही. आपल्याकडच्या गडद तपकिरी बुबुळात साध्या उजेडात बाहुलीची कडाच सापडत नाही. अवरक्त प्रकाशात बुबुळ फिकट दिसतं आणि कड उठून येते, म्हणून ट्रॅकर तो वापरतात. माणसं कमी घ्या, प्रत्येकाचे आकडे वाढवा.

नीलबिंदू
आणि विश्लेषणाच्या मॉडेलमध्ये आकड्याचा क्रमांक (चाचणीत तो कितवा आला ते) घाला. वेळ जाईल तशी बेसलाइन उतरते आणि भटकणंही वाढतं. क्रमांक नसेल तर कंटाळाच निष्कर्ष म्हणून छापून बसाल. २२५ मध्ये ३ येतो फक्त २५ वेळा, तो लक्षाच्या तीन गटांत वाटला तर हाती आठ-नऊ. बाहुलीसाठी बरोबर दाबलेले आकडेच धरा, कारण बोट दाबण्यानेसुद्धा ती फुलते. चुका मोजा, पण त्यांची बाहुली त्यात मिसळू नका.