९७ वर्षांच्या टायपिस्टला शिक्षा: न्याय झाला की नुसती फाइल बंद झाली?

नौपाडेकर
काल संध्याकाळी तलावपाळीला कट्ट्यावर यावरून इतकी जुंपली की भेळ मऊ पडली तरी कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून इथे टाकतोय. विषय माहीत नसेल त्यांच्यासाठी: इर्मगार्ड फुर्खनर नावाची जर्मन बाई १९४३ ते ४५ नाझींच्या स्टुटहोफ छळछावणीत, आताच्या पोलंडमध्ये, कमांडंटच्या म्हणजे छावणीप्रमुखाच्या ऑफिसात टायपिस्ट होती, वय १८-१९. डिसेंबर २०२२ मध्ये तिला साडेदहा हजारांवर खुनांना साथ दिल्याबद्दल दोषी ठरवलं, तेव्हा ती ९७ ची. शिक्षा दोन वर्षं, तीही स्थगित, म्हणजे तुरुंगाचं दारसुद्धा बघायचं नाही. आणि गुन्ह्याच्या वेळी वय कमी म्हणून खटला चालला बालगुन्हेगारांच्या कोर्टात! २०२४ ला वरच्या कोर्टाने शिक्षा कायम केली, २०२५ च्या जानेवारीत बाई गेली.

आता ज्याची पत्रं ती टाइप करायची तो कमांडंट होप्पे, त्याला नऊ वर्षं झाली आणि १९६० ला सुटून तो घरीसुद्धा आला. म्हणजे मोठे मासे निसटले आणि हाताला लागली व्हीलचेअरवरची म्हातारी. माझी आजी ९४ ची आहे, चहा घेतलास का विचारलं की नाही म्हणते आणि तासाभरात तीनदा घेते. अशा वयाच्या माणसाला समोर बसवून ऐंशी वर्षांपूर्वीचं विचारायचं हा मला तरी तमाशा वाटतो. तोच पैसा स्मारकांवर, शाळेच्या पुस्तकांवर लावा की.

वाशीचा काळा कोट
मोठे सुटले म्हणून छोट्यालाही सोडा, हे लॉजिक आमच्याकडे रोज कुणी ना कुणी आरोपी लावतो. आणि उशीर "झाला" असं म्हणू नका, उशीर केला गेला. तिथली कोर्टं कित्येक वर्षं अडून बसली होती की आरोपीने अमुक माणसाला स्वतः मारलं याचा पुरावा द्या. आता जिथे लाखो माणसं गॅसने मारली तिथे कोण साक्ष देणार की माझ्या भावाला याच पहारेकऱ्याने ढकललं? ढकललेला भाऊ? २०११ ला म्युनिकच्या कोर्टाने डेम्यान्युकला शिक्षा केली, सोबिबोर छावणीचा पहारेकरी, २८ हजारांवर खुनांतली साथ, पाच वर्षं, तेव्हा पहिल्यांदा नीट मान्य झालं की मारण्याच्या कारखान्यात कामाला होता एवढं पुरे आहे. मग २०१५ ला ग्रोनिंग, आउशवित्झला कैद्यांच्या नोटा मोजणारा कारकून, तीन लाख खुनांतली साथ, चार वर्षं, तोही आत जायच्या आधीच मेला. फुर्खनरबाई याच रांगेतली.

आणि गंमत ऐका, बाई लपून वगैरे बसली नव्हती. १९५४ मध्येच तिची साक्षीदार म्हणून जबानी झाली होती, कमांडंटचा पत्रव्यवहार माझ्या टेबलावरून जायचा हे तिने तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे गोष्ट पासष्टएक वर्षं सरकारदरबारी पडून होती आणि दोष आता तिच्या सुरकुत्यांना!

सीवूड्सवाली
सगळं मान्य दादा, पण जिंकलेला कधी पिंजऱ्यात उभा राहिलाय का ते सांगा. टोकियो खटल्यात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चालला त्यात, आपले न्यायाधीश राधाबिनोद पाल एकटे उभे राहून म्हणाले की हा जेत्यांचा न्याय आहे, कायदा नंतर केलाय आणि मागच्या तारखेने लावलाय, आणि सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्यांवर कुठला खटला झाला?

लांबचं सोडा, बांगलादेश बघा. १९७१ च्या अत्याचारांसाठी ट्रिब्युनल बसलं २०१० ला. फेब्रुवारी २०१३ मध्ये जमातचा पुढारी कादेर मोल्लाला जन्मठेप झाली, ढाक्यात शाहबागला गर्दी जमली की फाशीच पाहिजे, तर चक्क कायदा बदलून सरकारने अपील केलं आणि डिसेंबरमध्ये त्याला लटकवला. त्याने केलं नाही असं मी म्हणत नाहीये, पण गर्दीच्या मागणीवर शिक्षा वाढत असेल तर त्याला न्याय कसं म्हणू. आणि ज्या हसीनाबाईंनी पंतप्रधान असताना ते ट्रिब्युनल बसवलं त्यांनाच त्याच ट्रिब्युनलने नोव्हेंबर २०२५ ला फाशी सुनावली, त्या देशात नसताना. उशिराचा न्याय खुर्चीवर बसलेल्याच्या हातात असतो, एवढंच.

नौपाडेकर
+१ ताई. मी हेच बोलत होतो पण मला इतकं नीट जमलं नाही.

जासईकर
आमच्या गावचं सांगतो मग शिव्या द्या. युद्ध नव्हतं, माहितीये, जमिनीचं आंदोलन होतं, नवी मुंबई वसवायला सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हाचं. १६-१७ जानेवारी १९८४, दिबांच्या (दि. बा. पाटील) नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर, पोलिसांचा गोळीबार, पाच जण गेले. दरवर्षी जासईला हुतात्मा दिन होतो, पुढारी येतात, हार घालतात, मी शाळेत असल्यापासून जातोय. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो, आता पोराला घेऊन जातो. मागच्या वर्षी पोराने विचारलं, पप्पा, मेलेल्यांची नावं इथे लिहिलीत, मारलं कुणी त्याचं नाव कुठेय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं पोलिसांनी. तो म्हणाला पोलीस हे नाव थोडंच आहे.

म्हणून नौपाडेकर दादा, तुम्ही स्मारक बांधा म्हणता ना, स्मारकावर फक्त मेलेल्यांची नावं येतात. मारणाऱ्याचं आणि त्याची पत्रं टाइप करणारीचं नाव एकाच कागदावर येतं, निकालपत्रावर. ती तुरुंगात गेली नाही तर नाही गेली, नाव तर आलं.

घोडबंदर रोड
👆 याला उत्तर द्या आता.

सीवूड्सवाली
जासईकर, पटलं. पण नाव यायला खटलाच कशाला हवा, इतिहासकार काय करतात मग?

वाशीचा काळा कोट
ताई, इतिहासकार लिहितो तेव्हा समोरचा म्हणतो हे त्याचं मत. कोर्टात समोरच्याला वकील असतो, उलटतपासणी होते, त्यातून जे टिकतं ते "मत" म्हणून उडवता येत नाही. फुर्खनर खटल्यात बचाव हाच होता की तिला आत काय चाललंय ते माहीतच नव्हतं. तर नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन न्यायाधीश स्वतः स्टुटहोफला गेले, कमांडंटच्या ऑफिसातून छावणीचं काय काय दिसतं ते उभं राहून बघायला. मला या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच आवडलं. सत्त्याहत्तर वर्षांनी कुणीतरी त्या इमारतीत जाऊन बघितलं की टायपिस्टच्या जागेवरून दिसत होतं की नाही. कुठलं पुस्तक हे करतं? आणि छावणीतून वाचलेले लोकही साक्षीला आले, त्यातला एक जण वडिलांचा फोटो घेऊन आला होता, वडिलांना तिथे मारलं तेव्हा हा सहा वर्षांचा पोरगा.

पालसाहेबांबद्दल पण अर्धंच सांगताय. अत्याचार झालेच नाहीत असं ते म्हणाले नव्हते, जपानी सैन्याने चीनमध्ये नानकिंगला केलेल्या अत्याचारांचा पुरावा जबरदस्त आहे असं त्यांनीच लिहिलंय. जपानमध्ये मात्र काही जणांनी सोयीचं तेवढं उचललं आणि २००५ मध्ये टोकियोत यासुकुनीला, युद्धात मेलेल्या जपान्यांच्या मंदिरात, पालसाहेबांचं स्मारक उभं राहिलं. बघा, स्मारक काय काय विसरायला लावतं.

उलवे नोड
जपानवरून आठवलं. इथल्या किती जणांनी अंदमानची टूर केलीय? सेल्युलर जेलचा लाइट अँड साउंड शो सगळ्यांनी बघितला असेल. हम्फ्रीगंजला कुणी गेलंय? ३० जानेवारी १९४४, अंदमान तेव्हा जपान्यांच्या ताब्यात, त्यांनी हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना तिथे गोळ्या घातल्या. महिनाभर आधीच नेताजी पोर्ट ब्लेअरला येऊन गेलेले. आमच्या टूरवाल्याच्या लिस्टमध्ये जागाच नव्हती, मी आणि बायको रिक्षा करून गेलो, तिथे आमच्याशिवाय एक शेळी होती. इंग्रजांनी केलं ते आपल्याला पाठ, जपान्यांनी केलं ते गोष्टीत बसत नाही म्हणून गाळलं. सामूहिक स्मृती म्हणे.

कोरियातल्या किम हाक-सुनबाई, जपानी लष्कराने लैंगिक गुलामीत ठेवलेल्यांपैकी, १९९१ ला ६७ व्या वर्षी कॅमेऱ्यासमोर नाव सांगून बोलल्या, त्यानंतर बाकीच्या बायका पुढे आल्या. तोवर जवळपास पन्नास वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा पण कुणीतरी म्हणालंच असेल, आता या वयात कशाला.

नौपाडेकर
अंदमान दोनदा झालं माझं आणि हे पहिल्यांदा ऐकतोय, लाज वाटली खरं सांगायचं तर. पण उलवे, तुझ्या उदाहरणात बोलली ती जिच्यावर अत्याचार झाला ती. माझा आक्षेप आरोपीच्या वयावर आहे. ज्याला काल काय जेवलो ते आठवत नाही त्याच्यावर खटला चालवून उपयोग काय?

घोडबंदर रोड
दादा तुमच्या आजी कुठल्या? ९४ म्हणजे १९४४ ला बारा-तेरा वर्षांच्या. मुंबईत होत्या का? गोदीच्या स्फोटाचं विचारा त्यांना. चहाचं नका विचारू.

नौपाडेकर
विचारलं आत्ता. गिरगावात होती. १४ एप्रिल, दुपारी चारनंतर. म्हणाली आई चहाचं आधण ठेवत होती, फळीवरच्या सहा कपांपैकी चार फुटले, आणि आईने आधी तुकडे गोळा केले, मग रडली. कपांवर निळी वेल होती. शेजारच्या दोन्ही बिऱ्हाडांची नावं सांगितली, कोण जिन्यावरून पडलं तेही सांगितलं. मग मला विचारलं, चहा देणार आहेस का?

माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पण आठवत नाही हा मुद्दा मी मागे घेतो.

सीवूड्सवाली
गोदीचा स्फोट अपघात होता हं, जहाजाला आग लागली होती. उगाच अत्याचारात मोजू नका.

नौपाडेकर
कुणी मोजला?