मागच्या टायरची रुंदी आणि लोड इंडेक्स

दूरच्या प्रवासासाठी मोटरसायकलचा मागचा टायर मूळ मापापेक्षा एक माप रुंद घ्यावा का, या आपल्या प्रश्नावर माझे स्पष्ट मत ‘घेऊ नये’ असेच आहे. त्याच रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा माथा अधिक गोलाकार होतो, वळणावर गाडीचा स्वभाव बदलतो, आणि पकड मात्र अपेक्षेइतकी वाढत नाही.

त्यापेक्षा टायरच्या कडेवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर जास्तीत जास्त किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा, पाहावा: ५७ म्हणजे २३० किलो, ६६ म्हणजे ३०० किलो. मागे माणूस आणि सामान असताना कंपनीने ठरवलेल्या आकड्याखाली कधीही जाऊ नये, कारण आपल्याकडे मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेल्या डांबरावर कमी हवेचा, जादा ओझ्याचा टायर आतून आणखी तापून फुटू शकतो. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी.

पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती रस्त्यावर येते. तेथे रुंदी नव्हे, खोल आणि मोकळ्या खाचा उपयोगी पडतात.

खरेदी करताना टायर कधी बनला ते सांगणारे कडेवरचे चार आकडेही वाचावेत: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा.