अनुभव धागा : फिरतीची विक्री आणि डोक्यावरचा ताण, काय करता ते नेमकं लिहा

मंडळी, 'योगा करा, सकारात्मक राहा' हे प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकून झालंय. ते इथे नको. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत जे फिरतात त्यांनी आपापली रीत लिहावी : काय करता, किती वाजता, आणि ते कुठे फसतं. कंपनीचं आणि साहेबाचं नाव नको, रडगाणंही नको.

किराणा माल, म्हापसा-पेडणे बीट (ठरलेला फिरतीचा मार्ग)

ताण टार्गेटचा नसतो, शेवटच्या सहा दिवसांचा असतो. त्यामुळे हिशेब १ तारखेलाच कागदावर मांडायचा. समजा टार्गेट १२ लाख आहे. रविवार आणि सण वजा जाता कामाचे दिवस २४. दिवसाला ४० दुकानं, त्यातली साठ टक्के ऑर्डर देतात, म्हणजे २४ बिलं. महिन्याची झाली ५७६. सरासरी बिल १,५०० रुपयांचं असेल तर एकूण ८ लाख ६४ हजारच होतात. म्हणजे रोज इमानदारीने फिरूनही ३ लाख ३६ हजारांचं भोक राहणारच आहे. हे २६ तारखेला कळलं तर झोप उडते. १ तारखेला कळलं तर प्रश्न एवढाच उरतो की प्रत्येक बिलात साधारण ५८० रुपये कसे वाढवायचे. दुकानात आधीपासून नसलेल्या आणखी दोन-तीन लाइन, म्हणजे मालाचे प्रकार, लावल्या की ते जमतं. चाळीसची पन्नास दुकानं करायला जाऊ नका. तिथे नुसती हजेरी लागते, बोलणं होत नाही.

२८ तारखेला डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये माल ढकलणं हा सगळ्यांचा ठरलेला उपाय. त्याने ताण संपत नाही, पुढच्या महिन्यावर जातो. तो माल दुकानात उतरेपर्यंत डिस्ट्रिब्युटर नवी ऑर्डर देत नाही आणि तुमचे पहिले दहा दिवस कोरडे जातात. त्यात जून-जुलै असेल तर बिस्किटं मऊ पडतात, कपडे धुण्याची पावडर गठ्ठा धरते, आणि रिजेक्शनचा (परत आलेल्या खराब मालाचा) क्लेमही तुमच्याच गळ्यात.

म्हापशाला शुक्रवारी ऑर्डर मागू नका. बाजाराच्या दिवशी दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो, तो तोडूनच बोलतो आणि ते दिवसभर मनात राहतं. शुक्रवारी पेडण्याकडचं बीट लावा, शनिवारी सकाळी म्हापशात वसुलीला जा. गल्ला भरलेला असतो.

औषध प्रतिनिधी, मडगाव

आमचा दिवस मधोमध फाटलेला. सकाळची ओपीडी, मग दुपारी एक ते चार सगळं बंद, मग संध्याकाळची ओपीडी रात्री आठ-साडेआठपर्यंत. नऊ ते नऊ असा बारा तासांचा दिवस होतो, पण कंपनीच्या हिशेबात मात्र आठच तास. त्या दुपारच्या भोकाचं काय करता यावर संध्याकाळ कशी जाईल ते ठरतं. बहुतेकजण कुठल्या तरी केमिस्टच्या पायरीवर बसून फोन चाळतात, ते सगळ्यात वाईट. घर दहा-बारा किलोमीटरच्या आत असेल तर घरी जा. जेवा, गजर लावून वीस मिनिटं झोपा. पाऊण तास झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं आणि संध्याकाळचे पहिले दोन डॉक्टर वाया जातात.

डीसीआर, म्हणजे रोजच्या भेटींचा रिपोर्ट, रात्री घरी भरायचा नाही. क्लिनिकमधून बाहेर पडल्यावर, हेल्मेट घालायच्या आधी, तिथेच भरा. एका डॉक्टरला मिनिटभर पुरतं. रात्री दहाला बारा डॉक्टर आठवत बसलं की ज्याने 'आज नको' म्हणून हात हलवला तोच आठवतो.

पाचनंतर चहा बंद. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सहाचा चहा रात्री अकराला अजून निम्मा अंगात असतो.

आत जाण्याआधी छाती धडधडत असेल तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे दहा. पावणेदोन मिनिटांत होतं. सोडलेला श्वास लांब असला की हृदयाची गती उतरते. जोरजोरात खोल श्वास घेतलेत तर उलट चक्कर येईल. वेटिंगच्या खुर्चीत पेशंटांमध्ये बसून केलं तरी कुणाला कळत नाही.

बांधकाम साहित्य, फोंडा

ऑर्डरपेक्षा वसुली जास्त झोप खाते, याबद्दल वर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाऊस लागला की बांधकामं थंडावतात, रंग-सिमेंटचा पैसा अडकतो. तेव्हा आउटस्टँडिंगची (थकलेल्या बिलांची) यादी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काढायची आणि तीन भाग करायचे : ३० दिवसांच्या आतले, ३० ते ६० आणि ६० च्या पुढचे. फोन मधल्या भागापासून सुरू करा. साठच्या पुढचे आधी घेतले तर पहिल्या दोन शिव्यांतच फोन करायची हिंमत जाते. किनाऱ्यावरच्या गावांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत तिथल्या दुकानदाराची स्वतःचीच उधारी थकते, त्याच्यामागे लागून काही निघत नाही. तिथली वसुली मेमध्येच.

चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो हे लक्षात ठेवा. 'पुढच्या आठवड्यात टाक' असं ऐकत तो पाकिटात म्हातारा होतो. बाउन्स झाला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. बँकेचा मेमो आला त्याच दिवशी फोटो काढून ऑफिसला पाठवा, ३० दिवस कधी संपतात ती तारीख सोबत लिहा. त्यापुढचं काम अकाउंट्सचं. तारखा तुमच्या डोक्यात फिरत राहिल्या की रात्री तीनला जाग येते.

हॉटेल सेल्स, कळंगुट

थोडक्यात लिहितो, सीझन आहे. इन्सेंटिव्ह ऑक्टोबर ते मार्च येतो, हप्ते बारा महिने असतात. इन्सेंटिव्हचं खातं वेगळं ठेवा आणि घर फक्त पक्क्या पगारावर चालवा. इन्सेंटिव्ह धरून गाडीचा हप्ता घेतला की प्रत्येक रद्द झालेलं बुकिंग घरचं संकट वाटतं. आणि एजंटांना 'लगेच पाठवतो' असं लिहू नका, वेळ लिहा : 'चारपर्यंत'. मग चारपर्यंत फोन वाजत नाही.

किराणा माल, पुन्हा

चवथीचं (गणेशचतुर्थीचं) राहिलं. बाजार दोन दिवस बंद, काही ठिकाणी पाच. त्या महिन्याचं क्लोजिंग (टार्गेटचा हिशेब बंद होणं) दहा-बारा दिवस आधीच पडतं असं धरून चला. साहेब मुंबईत बसत असेल तर हे त्याला जुलैतच मेलवर कळवा. तोंडी सांगितलेलं तो विसरतो.

विमा, पणजी

कुणी उघड लिहिणार नाही म्हणून लिहिते. आमच्या धंद्यात दिवस संपतो तो बारमध्ये, टीमसोबत. दारूने झोप पटकन लागते, पण उत्तररात्री ती मोडते. सकाळी चिडचीड, आणि दहाच्या पहिल्याच कॉलला आवाज पडलेला. क्लोजिंगच्या आठवड्यात तरी टीमला चहा-भजीच्या गाड्यावर न्या.

त्याच्या पुढचं असेल, म्हणजे सलग दोन आठवडे झोप नाही, गाडी सुरू करायलाच हात जात नाही, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. समोर बसून बोलायचं तर बांबोळीला मानसोपचार संस्थेची ओपीडी. गोव्यातल्या आरोग्य केंद्रांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याच्या माणसांना बरं वाटायला मदत केली, त्याचा अभ्यास २०१७ साली द लॅन्सेटमध्ये आला. त्यातली मुख्य रीत साधी आहे : मन लागेल तेव्हा नव्हे, तर ठरल्या वेळी एक ठरलेलं काम. फिरतीवाल्याला हे जमतं, बीट तो तसंच करतो. फक्त यादीत दुकानांच्या मधोमध 'मंगळवार, संध्याकाळी सात, मिरामारच्या किनाऱ्यावर अर्धा तास चालणं' असं लिहायचं, आणि ते केल्यावर दुकानासारखीच टिकमार्क करायची.

औषध प्रतिनिधी, मडगाव

टिकमार्कचं पटलं. मात्र पावसात मिरामार नको, छत्री उलटते. मडगावला कॉलेजच्या व्हरांड्यात चालतात लोक.