हॅरीचं 'स्पेअर', ती लाइव्ह मुलाखत आणि न रडणारी मुलं, नक्की काय समजायचं?

आत्याबाई
नमस्कार मंडळी. हा प्रश्न पुस्तकांच्या विभागात टाकायचा की पालकत्वाच्या ते कळेना म्हणून इथेच टाकतेय, चुकलं असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या प्रिन्स हॅरीचं आत्मचरित्र 'स्पेअर' आलं तेव्हा मी त्या वाटेला गेले नव्हते. रोज पेपरात काही ना काही येतच होतं, भावाने ढकललं आणि हा कुत्र्याच्या भांड्यावर पडला, अफगाणिस्तानात २५ जण मारले, सतराव्या वर्षी कोकेन घेतलं, म्हटलं सगळं फुकटात वाचून झालंय आता विकत कशाला घ्यायचं. आता ऑडिओबुक ऐकलं, त्याच्याच आवाजात आहे. आणि त्या गाजलेल्या भानगडींपेक्षा मी अडकले ती सुरुवातीच्या भागात. त्याची आई डायना अपघातात गेली ३१ ऑगस्ट १९९७ ला, हा तेव्हा १२ वर्षांचा, तेरावा वाढदिवस पंधरा दिवसांवर. बाल्मोरलला, म्हणजे राजघराण्याच्या स्कॉटलंडमधल्या वाड्यात, वडील पलंगावर येऊन बसले, बातमी सांगितली, गुडघ्यावर हात ठेवला पण जवळ घेतलं नाही. आणि त्यानंतर कित्येक वर्षं या मुलाने मनाशी धरून ठेवलं की आई गेलेलीच नाही, फोटोवाल्यांना कंटाळून कुठेतरी लपलीय, कधीतरी आम्हाला बोलावून घेईल. रडला एकदाच, दफनाच्या वेळी.

मग मार्च २०२३ मधली ती मुलाखत पाहिली, डॉ. गाबोर माते यांनी हॅरीची घेतलेली. पुस्तक वाचून त्यांनी सगळ्यांसमक्ष सांगून टाकलं की तुला एडीडी (लक्ष न टिकण्याचा त्रास, हल्ली एडीएचडी म्हणतात तोच) आहे, शिवाय पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतरचा मानसिक त्रास), डिप्रेशन, अँग्झायटी. त्यावरून तिकडे बराच गदारोळ झाला म्हणे.

आता खरं कारण सांगते. माझा भाऊ गेल्या वर्षी अचानक गेला. भाचा अकरा वर्षांचा आहे. मडकं धरून तोच पुढे चालला, एक थेंब डोळ्यातून नाही, आणि तिसऱ्या दिवशी खाली पोरांत क्रिकेट खेळत होता. नातेवाइकांचं सुरू झालं, पोरगं दगड आहे, बापाची माया नव्हती का वगैरे. आता शाळेतल्या बाई म्हणतात लक्ष नसतं, एडीएचडीची टेस्ट करून घ्या. वहिनीला कोणीतरी मातेंचं रील पाठवलं, ती म्हणते बघ, धक्क्यामुळेच होतं हे. तर १) नुसतं पुस्तक वाचून असं निदान करता येतं का, २) अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मरण कळत नाही असं असू शकतं का?

चहाबाज
आत्याबाई, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण पहिला सल्ला, भाच्याचा विचार करताना 'स्पेअर' बाजूला ठेवा. त्या पुस्तकाच्या पहिल्याच दिवशी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन मिळून १४ लाखांच्या वर प्रती खपल्या, आणि लिहिलंय कोणी तर जे. आर. मोरिंगरने, ज्याने टेनिसपटू आगासीचं आत्मचरित्र 'ओपन' लिहून दिलं होतं. बापाने जवळ न घेतलेलं पोर कागदावर कसं उभं करायचं हे त्या माणसाला बरोबर कळतं. हॅरी खोटं बोलतो असं मी म्हणत नाही, पण पंचवीस वर्षांनी आठवलेलं, त्यात मधल्या वर्षांची थेरपी मिसळलेली, त्यावर व्यावसायिक लेखकाचा हात फिरलेला, हे म्हणजे बारा वर्षांच्या पोराची डायरी नव्हे. माझी आठवण थोडी धड नाही हे तो स्वतःच पुस्तकात कबूल करतो.

आणि ते माते. ते सायकियाट्रिस्ट नाहीत, फॅमिली डॉक्टर होते कॅनडात, आता निवृत्त. लोकांनी तिकीट काढलंय, तिकिटात पुस्तक मिळतंय, समोर कॅमेरे, आणि हे सांगतात तुला अमुक आजार आहे. माझ्या दातांचंसुद्धा असं कोणी जाहीर केलं तर मला चालणार नाही.

टेम्सकाठचा
मी इकडे इंग्लंडातच असतो, म्हणून डायनाच्या अंत्ययात्रेबद्दल थोडं, कारण मडक्याचं वाचून तेच आठवलं.

६ सप्टेंबर १९९७, शवपेटीमागे पाच जण चालत होते, प्रिन्स फिलिप, विल्यम, डायनाचा भाऊ चार्ल्स स्पेन्सर, हॅरी आणि त्याचे वडील चार्ल्स. हॅरी मामा आणि वडिलांच्या मध्ये, मान खाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखो माणसं हुंदके देतायत आणि ज्याची आई गेली तो कोरडा. २०१७ मध्ये एका मासिकाला हॅरी म्हणाला की कुठल्याही मुलाला असं करायला सांगू नये. त्याच वर्षी बीबीसीच्या माहितीपटात म्हणाला की आता मागे वळून बघता मी त्यात होतो याचं बरं वाटतं. झालं, इथल्या टॅब्लॉइडना कोलीत मिळालं, हा रोज नवीन बोलतो म्हणून. मला तर दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं बुवा. मामा स्पेन्सरने त्याच वर्षी रेडिओवर सांगितलं की माझा विरोध होता, पण मुलांनाच चालायचंय असं मला सांगण्यात आलं आणि ते खोटं निघालं. म्हणजे मुलांच्या नावाने मोठ्यांनीच ठरवलं.

पुस्तकातली अजून एक गोष्ट, जिच्याकडे टीकाकारांनी फारसं पाहिलंच नाही. विशीत असताना त्याने पोलिसांच्या फायलीतले आईच्या अपघाताचे फोटो मागवून पाहिले. २००७ मध्ये रग्बी वर्ल्ड कपसाठी पॅरिसला गेला तर ड्रायव्हरला सांगून अपघात झाला त्याच बोगद्यातून त्याच वेगाने गाडी न्यायला लावली. आई गेलीय हे ज्याला पक्कं माहीत आहे तो असे पुरावे कशाला शोधत बसेल?

मनमोकळी
मी बाल समुपदेशक आहे, रोज अशीच मुलं बघते, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी आत्याबाईंचा दुसरा प्रश्न. मरण म्हणजे काय हे मुलांना टप्प्याटप्प्याने कळतं. मारिया नॉज नावाच्या हंगेरियन बाईंनी बुडापेस्टच्या मुलांवर केलेला अभ्यास १९४८ मध्ये छापून आला, तो अजून शिकवतात. पाचच्या आतल्या मुलांना माणूस परत येईल असं वाटतं, नवाच्या पुढे बहुतेकांना कळतं की हे कायमचं आहे आणि सगळ्यांनाच आहे. वयांबद्दल नंतर वाद झाले पण ढोबळ क्रम तोच. म्हणजे हॅरीला बाराव्या वर्षी कळत होतंच, तुमच्या भाच्यालाही कळतंय. कळणं आणि पेलणं यात मात्र अंतर असतं. डोक्याला माहीत असतं आणि तरी मन म्हणतं दार वाजलं, बाबाच असतील. मोठ्यांचंही होतं हे, मुलांचं जास्त काळ चालतं, आणि घरात त्या माणसाचं नावच काढायचं नाही असा अलिखित नियम असेल तर आणखी जास्त. टेम्सकाठचा म्हणतायत ते फोटो मागवणं त्याच अंतरातलं आहे.

तिसऱ्या दिवशी क्रिकेट. या कामातले लोक म्हणतात की मोठी माणसं दुःखाच्या नदीत असतात, मुलं डबक्यांत उड्या मारतात, आत पाय बुडाला की पटकन बाहेर. दहा मिनिटं भयंकर, मग बॅट घेऊन खाली, मग रात्री पोटात दुखतं. त्याचा मायेशी काही संबंध नाही. ज्या नातेवाइकांनी त्याच्या कानावर पडेल असं 'दगड' म्हटलं त्यांना कृपया कोणीतरी गप्प करा, या सगळ्या प्रकरणात मला सर्वात धोकादायक तेच वाटतंय.

अमेरिकेत वर्डन आणि सिल्व्हरमन यांनी ७० कुटुंबांतली १२५ मुलं दोन वर्षं पाहिली, सगळी आई किंवा वडील गेलेली, ६ ते १७ वयाची. बहुतेक मुलं बऱ्यापैकी सावरली. पण या मुलांमधला आणि आईवडील हयात असलेल्या मुलांमधला फरक पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी जास्त दिसला, त्यामुळे वर्षश्राद्ध झालं म्हणजे संपलं असं धरू नका. आणि मागे राहिलेला पालक कसा आहे यावर मुलाचं खूप अवलंबून असतं. वहिनी झोपतात का, जेवतात का, त्यांच्याशी कोण बोलतं, हे भाच्याच्या टेस्टइतकंच महत्त्वाचं आहे. मडकं धरण्याबद्दल, करावं की करू नये असं उत्तर नाही. आधी काय काय दिसणार ते सांगितलं होतं का, नाही म्हणायची मुभा होती का, शेजारी त्याचं हक्काचं माणूस होतं का, एवढंच बघायचं.

आता एडीएचडी. डीएसएम-५ (मानसोपचारात निदानासाठी वापरतात ती अमेरिकन नियमावली) नुसार लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसलेली लागतात, एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे शाळेतही आणि घरीही, आणि किमान सहा महिने. हॅरीची आई गेली तेव्हा तो जवळजवळ तेराचा, म्हणजे त्या धक्क्याने एडीडी झालं हे साधं गणितही बसत नाही. माते यावर म्हणतील की ताण त्याआधीचाच, आईवडील १९९२ मध्ये विभक्त झाले आणि त्याच वर्षी आठव्या वर्षी हा बोर्डिंगमध्ये गेला. एडीडी हा आजार नाही, लहानपणच्या ताणाला दिलेला नैसर्गिक प्रतिसाद आहे, ही त्यांची जुनीच मांडणी आहे. मुख्य प्रवाहातले तज्ज्ञ ती मानत नाहीत, कारण जुळ्या मुलांच्या अभ्यासांत एडीएचडीमधला सत्तर-ऐंशी टक्के फरक आनुवंशिकतेचा निघतो. ताणाचा संबंधच नाही असं नव्हे, पण रीलमध्ये दाखवतात तितकं सरळ नाही ते.

आणि दुःखातलं मूलही वर्गात खिडकीबाहेर बघतं, वस्तू विसरतं, चिडतं, झोपत नाही. वरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून बाईंना एकच विचारा, बाबा जाण्याआधीही असंच होता का? जुनी प्रगतिपुस्तकं काढा. आधीपासून असेल तर टेस्ट जरूर करा, गेल्या वर्षीपासूनच असेल तर आधी दुःखाचं बघा. बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, दोघांपैकी कोणीही चालेल. जवळपास कोणी नसेल तर टेलिमानस १४४१६, मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात.

चहाबाज
ताई, छान समजावलंत. पण न तपासता जाहीर निदान करायला डॉक्टरांना बंदी असते ना, गोल्डवॉटर नियम की काय तो?

मनमोकळी
हो, पण इथे तो नीट लागू होत नाही. १९६४ मध्ये एका अमेरिकन मासिकाने हजारो मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं होतं की तिथला उमेदवार बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाला मानसिकदृष्ट्या लायक आहे का, आणि न भेटता शेकड्यांनी मतं दिली. त्यावरून कोर्टकचेरी झाली आणि १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला. तो तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांसाठी, आणि ज्याला तपासलं नाही, ज्याची परवानगी नाही अशा माणसाबद्दल. इथे हॅरी समोर बसलेला, स्वतःहून आलेला. त्यामुळे नियम मोडला म्हणता येणार नाही, पण माझ्या मते तरी चूकच. निदान करायचं तर शाळेचं, घरचं, लहानपणचं दुसऱ्या कोणाकडून विचारावं लागतं. एका बाजूने लिहिलेलं पुस्तक हे रुग्णाचा इतिहास म्हणून फार देखणं असतं आणि तिथेच फसायला होतं.

बाकी हॅरीवर जे तुटून पडले त्यांचंही मला पटलं नाही. राजपुत्राला कसलं आलंय दुःख, हा सूर आणि आत्याबाईंच्या नातेवाइकांचा सूर सारखाच आहे.

आत्याबाई
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रगतिपुस्तकं काढली, दुसरीपासून 'अतिशय बोलका, वर्गात लक्ष चांगले' असंच लिहिलंय. वहिनीला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली आधी मलाच जायला हवं कोणाकडे तरी. पुढच्या आठवड्यात दोघांची वेळ घेतलीय.

एक विचारायचं राहिलं. भाचा दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकत असतो, मॅचचे स्कोअर वगैरे. वहिनी फोन बंद करायचं म्हणाली तर प्रचंड भांडला, रिचार्ज माझ्या खाऊच्या पैशातून करा म्हणाला. हे ते हॅरीसारखं, बाबा परत येणार असं वाटणं आहे का?

मनमोकळी
त्यालाच विचारा ना, मेसेज टाकल्यावर कसं वाटतं म्हणून. बाबा उत्तर देतील असं म्हणाला तर समुपदेशकाला सांगा. बहुतेक मुलं सांगतात की उत्तर येणार नाही माहितीय, सांगावंसं वाटतं म्हणून सांगतो. गेलेल्या माणसाशी नातं असं चालू ठेवण्यात वाईट काही नाही, आपण पानात घास काढून ठेवतोच की. फोन सध्या राहू दे.

चहाबाज
आणि नंबर प्रीपेड असेल तर रिचार्ज चुकवू नका, बरेच दिवस वापर नसला तर कंपनी काढून घेते आणि दुसऱ्याच कोणाला तरी देते. त्यापेक्षा वहिनींच्या नावावर करून घ्या, मृत्यूचा दाखला आणि आधार घेऊन दुकानात जावं लागतं. बँकेचे ओटीपी पण त्याच नंबरवर येत असतील, तेही एकदा बघा.

आत्याबाई
प्रीपेडच आहे. उद्याच जाते, भाच्याला घेऊनच.