'गुटगुटीत', 'लठ्ठ', 'स्थूल', 'सुदृढ': कोणता शब्द कुणासाठी?

मूळ प्रश्न – अनुवादक, ठाणे

आरोग्यविषयक माहितीपत्रकं मराठीत करण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. सध्या दोन पत्रकं हातात आहेत. एक शाळकरी मुलांच्या वाढत्या वजनाच्या अभ्यासाचं, ते वाचून पालकांनी सही करायची आहे. दुसरं साठीच्या पुढच्यांसाठी. दोन्हीकडे एकेका शब्दापाशी अडले आहे.

पहिल्या मसुद्यात मी 'लठ्ठ मुले' असं लिहिलं. एका आईला वाचून दाखवलं, तर तिने कागद बाजूला ठेवला. म्हणाली, "माझ्या पोरीला वर्गात हेच चिडवतात." मग 'स्थूल' करून पाहिलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "स्थूलमानाने म्हणजे साधारण, तसंच ना हे?" 'गुटगुटीत' म्हणावं तर ते कौतुक झालं. 'सुदृढ' हा शब्द दुसऱ्या पत्रकात 'सुदृढ वार्धक्य' असा वापरायचा विचार आहे. पण पहिल्या पत्रकातल्या आयांना 'सुदृढ बालक' म्हणजे वजनदार बाळ, एवढंच ठाऊक. एकच शब्द बाळाच्या बाबतीत वजन सांगणार आणि आजोबांच्या बाबतीत तब्येत, हे मला पटत नाही. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद – निवृत्त मराठी शिक्षक, सातारा

'लठ्ठ' मुळात वाईट नाही. लठ्ठ पगार, लठ्ठ पोथी, लठ्ठ रक्कम. वस्तूला लागला की भरभक्कमपणा सांगतो, माणसाला लागला की टोचतो. 'जाड'चंही तेच. जाड कापड टिकाऊ म्हणून घेतो, आणि जाड मुलाचा लगेच 'जाड्या' होतो.

बोलीत समजूतदार माणसं काय करतात ते पाहा. विशेषण टाळतात आणि क्रियापद वापरतात. "अंग सुटलंय", "पोट सुटलंय", "अंगाने भरली आहे हल्ली". यात झालेला बदल कळतो, माणसावर शिक्का बसत नाही. आणि जे सुटलं ते आवरताही येतं, अशी सोय त्यात आपोआप राहते. म्हणून 'लठ्ठ मूल' नको, 'उंचीच्या मानाने वजन जास्त वाढलेलं मूल' लिहा. लांब झालं तरी चालेल. 'लठ्ठपणा' हे नाम ठेवायला हरकत नाही. 'मुलांमधला लठ्ठपणा' म्हटलं की बोट मुलाकडे जात नाही.

प्रतिसाद – बालरोगतज्ज्ञ, पुणे

'गुटगुटीत'ला मी दोष देणार नाही. वर्षाच्या आतल्या बाळासाठी तो योग्यच शब्द आहे. अडचण होते ती तो पुढच्या वयाला लावल्यामुळे.

मराठीत बाळ 'बाळसं धरतं' आणि चालायला लागलं की 'बाळसं उतरतं'. आज्यांचं हे निरीक्षण वाढीच्या तक्त्यावर जसंच्या तसं दिसतं. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, म्हणजे आमचा बीएमआय, पहिल्या वर्षात चढतो, मग उतरत जातो, पाच-सहा वर्षांच्या आसपास तळाला येतो आणि पुन्हा चढू लागतो. हा दुसरा चढ किती लवकर सुरू होतो याकडे फ्रान्समधल्या संशोधकांनी १९८४ साली लक्ष वेधलं: तो लवकर आला, तर पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता जास्त.

म्हणजे चार वर्षांच्या पोराचं बाळसं उतरलेलं असणं हीच निकोप वाढ. आणि नेमकं याच वयात पालक त्याला दवाखान्यात आणून सांगतात, "डॉक्टर, हा वाळलाय, भूक लागायचं औषध द्या." त्याला बळेबळे भरवलं जातं, पावडरी पाजल्या जातात, आणि तो पुन्हा 'भरला' की घरात सगळ्यांना हायसं वाटतं. मला फार वाईट वाटतं याचं. पत्रकात 'बाळसं उतरणं' हा शब्दप्रयोग घ्याच. याहून चांगला शब्द आमच्या पुस्तकात नाही.

मोठ्या मुलांसाठी मी 'रेषेच्या वर' म्हणतो. ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत. मोठेपणीच्या २३ आणि २७ या बीएमआयला जुळणाऱ्या दोन रेषा त्यांत आखलेल्या आहेत. पहिलीच्या वर अतिवजन, दुसरीच्या वर लठ्ठपणा. तक्ता समोर ठेवून रेषेवर बोट ठेवलं की पालक चिडत नाहीत, प्रश्न विचारायला लागतात.

प्रतिसाद – वैद्य, नाशिक

'स्थौल्य' आणि 'मेदवृद्धी' हे शब्द आहेत की. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही विचार एकत्र केला आहे. आठ निंदित शरीरांमध्ये हे दोघेही येतात. 'मेदवृद्धी'त नेमकं काय वाढलं तेही कळतं.

प्रतिसाद – निवृत्त मराठी शिक्षक, सातारा

वैद्यराज, शब्द नेमके आहेत, पण सही करणाऱ्या आईला 'मेद' पोचणार नाही. तिचा शब्द 'चरबी'. तिथेही जपून. 'चरबी चढली' म्हणजे माज आला. 'अंगातली चरबी', 'पोटावरची चरबी' असं ठिकाण जोडलं की तो अर्थ गळून जातो.

प्रतिसाद – अंगणवाडी पर्यवेक्षिका, जालना जिल्हा

माझा मुद्दा 'कुपोषण' या शब्दाबद्दल आहे. कु-पोषण म्हणजे वाईट पोषण. जागतिक आरोग्य संघटना कमी वजन, खुंटलेली उंची आणि अतिवजन हे सगळं त्यातच धरते. आपल्याकडे मात्र कुपोषित म्हटलं की हाडं दिसणारं मूलच डोळ्यांपुढे येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत उंची खुंटलेली ३५.५ टक्के होती आणि अतिवजनाची ३.४ टक्के. आधीच्या फेरीत अतिवजनाची २.१ टक्के होती. बिस्किटांवर आणि पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांवर वाढणारं पोर जाड झालं तरी त्याचं पोषण वाईटच. पण हे सांगायला गेलं की घरचे म्हणतात, "ताई, आमचा तर खात्यापित्या घरचा दिसतो."

आणि 'सुदृढ बालक स्पर्धा' आम्हीही घेतल्या आहेत. पूर्वी बक्षीस बहुतेक वेळा सगळ्यांत वजनदार बाळालाच जायचं. तिथूनच 'सुदृढ'चा अर्थ बिघडला, असं माझं मत.

मूळ प्रश्नकर्ती

'कुपोषण'चा मुद्दा थेट पत्रकात घेते आहे. आता आणखी एक अडचण. अभ्यासाच्या टिपणात 'थिन-फॅट' बाळ असा शब्द आहे. 'बारीक-लठ्ठ' लिहिलं तर वाचणारा म्हणेल, छपाईची चूक आहे.

प्रतिसाद – पोषण संशोधन सहायक, पुणे

हा शब्द आपल्याच मातीतला आहे, त्यामुळे मराठीत तो नीट यायलाच हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी, पोटाच्या घेराने लहान. पण पाठीवरची कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती.

मोठ्यांचं उदाहरण हवं असेल तर २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआय दोघांना एकच आकडा देतो.

म्हणून मी 'दिसायला बारीक, आतून चरबीचं' असं लिहीन. 'सुकडा'ही नको, 'लठ्ठ'ही नको.

मूळ प्रश्नकर्ती

'दिसायला बारीक, आतून चरबीचं' घेतलं. आता दुसरं पत्रक. 'निरोगी वृद्धत्व' की 'सुदृढ वार्धक्य'?

प्रतिसाद – फिजिओथेरपिस्ट, नागपूर

'निरोगी' तर नकोच. ज्याला रोग नाही तो निरोगी. साठीनंतर रक्तदाब, साखर, गुडघे यांतलं एकही नाही असा माणूस शोधावा लागेल. मूळ इंग्रजी शब्द 'हेल्दी एजिंग'. त्याची जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची व्याख्या रोग आहे की नाही हे विचारतच नाही. ज्या गोष्टी माणसाला मोलाच्या वाटतात त्या करण्याची क्षमता कमावणं आणि टिकवणं, यावर तिचा भर आहे. २०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांचं दशक त्याच अर्थावर उभं आहे.

आता माझ्याकडे येणाऱ्या आजी काय मागतात? "हातपाय चालते राहू दे बाई, कोणावर भार नको." ही त्या व्याख्येचीच मराठी आहे. मुंबईच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांपुढच्या लोकांची आणि त्यांच्या जोडीदारांची, मिळून ७२ हजारांहून जास्त जणांची पाहणी केली. त्यात विचारलेले प्रश्न असे: कपडे घालता येतात का, अंघोळ, जेवण, खोलीतल्या खोलीत चालणं, अंथरुणातून उठणं, संडासला जाणं. घरी आपण याला 'आपलं आपण करता येणं' म्हणतो.

आणखी एक. 'वृद्धत्व' ही अवस्था झाली, मूळ 'एजिंग' हा शब्द प्रक्रियेचा आहे. मराठीत 'वय होणं' आहे. आणि 'थकणं' विसरू नका. "बाबा आता थकलेत" म्हणतो तेव्हा ते दमले, एवढंच म्हणायचं नसतं. चाल मंदावली, पकड सैल झाली, वजन उतरलं, हे सगळं त्यात येतं. डॉक्टरांचं 'फ्रेल्टी' ते हेच.

मूळ प्रश्नकर्ती

मग दोन्ही वाक्यं अशी करते.

"उंचीच्या मानाने वजन जास्त वाढणं हेही कुपोषणच आहे. बाळसं उतरलं म्हणून घाबरू नका. उतरलेलं बाळसं खूप लवकर पुन्हा भरू लागलं तर मात्र तपासून घ्या."

"वय होत असताना हातपाय चालते राहावेत आणि आपलं आपण करता यावं, यासाठी हा अभ्यास आहे."

'सुदृढ' दोन्हीकडून काढला.

प्रतिसाद – फिजिओथेरपिस्ट, नागपूर

'आपलं आपण' वाचून काठीवाले आजोबा म्हणतील, हे आपल्यासाठी नाही. 'काठी, चष्मा, कानाचं यंत्र घेऊन का होईना' एवढं आधी घाला. व्याख्येत तेही धरलेलं आहे.

मूळ प्रश्नकर्ती

घातलं. उद्या त्याच आईला पुन्हा वाचून दाखवणार आहे.